मधला माळा

१

जिन्याच्या वळणावर नेट संपायचं. तळमजल्यावर फोनात सगळ्या रेघा भरलेल्या असत. वळण घेऊन वर पाय टाकला की एक रेघ गळायची, मग दुसरी, आणि मधल्या माळ्याच्या बंद दारासमोर आलं की काहीच उरायचं नाही. रत्नमालाला हे पाठ झालं होतं. शाळा बंद होत्या, वर्ग फोनवर भरत होते आणि राउटर होता तळमजल्यावर, टीव्हीच्या बाजूला. त्यामुळे सातवीच्या पोरांना नद्या आणि पठारं शिकवायची ती सासूबाईंच्या फोडणीच्या ठसक्यात, आणि बातम्या बघताना सासरे ज्या शिव्या देत त्या शिव्यांच्या आड.

घर मात्र तीन माळ्यांचं होतं. नव्या मोहरटोल्यात तसं दुसरं नव्हतं. नवं मोहरटोला म्हणजे पवनी तालुक्यातली पुनर्वसनाची वस्ती; जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि माणसं इथे आणून बसवली. कागदावर वस्तीत सगळं होतं. बाग होती, तिथे शेळ्या बांधल्या जात. पाण्याची टाकी होती, तिच्यात पाणी चढलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मोबाईलचा टॉवर मंजूर होता आणि इतकी वर्षं नुसताच मंजूर होता, की फोन लावायचा तर लोक त्या कोरड्या टाकीवर चढत. टाकीचा झाला तो एवढाच उपयोग.

रत्नमालाचे सासरे बाबुलाल खोब्रागडे एसटीत कंडक्टर होते. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याच्याही आधीपासून, साहेबाला तोंडावर सुनावणारा माणूस अशी त्यांची दोन्हीकडे ख्याती. मोबदल्याच्या पैशाला त्यांनी ना दारू लागू दिली ना मोटारसायकल. सगळा सिमेंटात घातला. तळमजला आपल्याला, मधला माळा धाकट्या धर्मेंद्रला, वरचा थोरल्या जीवनला. प्रत्येकाचं दार वेगळं, स्वयंपाकघर वेगळं, विजेचा मीटर वेगळा, आणि मीटरच्या पेट्यांवर ऑइलपेंटनं लिहिलेली नावं.

जीवन सुरतेला गेला आणि तिकडचाच झाला. धर्मेंद्र, म्हणजे रत्नमालाचा नवरा, नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी डोंगा वल्हवत जुन्या गावाकडे गेला. पाणी चढत होतं. जुन्या घराच्या मागच्या दाराची सागवानी चौकट तेवढी राहिली होती, ती काढून आणतो म्हणाला. तेव्हा सगळेच जुन्या घराचं लाकूड काढून नव्या घराला लावत होते. डोंगा सापडला. चौकट डोंग्यात नीट बांधलेली सापडली. धर्मेंद्र सापडला नाही.

२

सात वर्षं ज्याची खबर नाही, आणि ज्यांना ती मिळायला हवी त्यांनाही मिळालेली नाही, तो माणूस कायद्याच्या लेखी मेला. पण कायदा आपण होऊन हात हलवत नाही. बाईनं दावा लावायचा, जाहिरात द्यायची, तारखांना खेटे घालायचे, आणि शेवटी कोर्टासमोर प्रतिज्ञेवर सांगायचं की माझ्या नवऱ्याचं मला काही कळलेलं नाही. तोवर ती ना सौभाग्यवती, ना विधवा. 'मिस्टर काय करतात?' असं कोणीही विचारावं, आणि ती गप्प बसली की विचारणाऱ्यानंच तोंड वाकडं करावं.

लाखांदूरला गोपीचंद नावाचे शिक्षक होते, बायको वारलेली. 'निकाल लागेपर्यंत मी थांबतो,' एवढंच ते म्हणाले होते आणि खरंच थांबले होते. आधी ती एकासाठी थांबली, आता एक जण तिच्यासाठी थांबला होता. रत्नमालाला या थांबण्याचाच वीट आला होता.

कोर्टाची नोटीस आली ती बाबुलालांनी चुलीत घातली. त्या दिवसापासून ते त्या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते. साक्षीची तारीख लागली तेव्हा मात्र बोलावं लागलं. महामारीमुळे कोर्टात गर्दी नको, म्हणून साक्ष व्हिडिओवर होणार होती. वकीलबाईंनी बजावलं होतं: बंद खोली, तुम्ही एकट्या, आणि नेट तुटता कामा नये. तुटलं की पुढची तारीख, आणि पुढची तारीख कधी ते न्यायाधीश साहेबांनाही ठाऊक नसतं.

"इथं खाली नको," बाबुलाल म्हणाले. "तुही सासू आयकन."

पंचफुलाबाईंना दाव्याचा पत्ता नव्हता. त्यांच्यासमोर धर्मेंद्रला 'होता' म्हणायची घरात कोणाची छाती नव्हती. त्यांच्या लेखी तो अजून 'आहे'च होता.

"मग कोठी बसू, मामाजी? टाकीवर?"

"वरच्या माळ्यावर बस. जीवनच्या."

"तिथं नेट नाही येत."

"येत नाही म्हंजे? आनू. त्या बंटीले बोलावतो, वायर टाकून देईन तो. तुले जे सांगायचं ते सांग. मी सांगू नको म्हनत नाही आनि सांग बी म्हनत नाही. पन तिच्या कानावर तो शब्द गेला, तर या घरात माझ्याइतका वाईट मानूस तुले दिसनार नाही."

३

बंटी हा केबलवाल्याचा माणूस. रत्नमालाच्या शाळेत शिकून गेलेला, त्यामुळे तिला मॅडम म्हणे आणि तिच्यासमोर तंबाखूचा खर्रा लपवी. त्यानं फोन हातात धरून जिना चढून पाहिला, उतरून पाहिला, छताकडे मान वर केली.

"काकाजी, घर बांधलं का पूल? सळाखा किती घातल्या यात?"

"कंत्राटदाराचं नव्हे ते. माझ्या पैशाचं आहे, म्हनून उभं आहे."

"म्हनून तर नेट वर जात नाही न! ते बूस्टर-गिस्टर काही कामाचं नाही, अर्धं नेट तेच खाऊन टाकते. खालून वरपर्यंत वायर ओढू. वर एक डब्बा लावू. वायरीनं नेट डब्ब्यात जाईन, डब्बा तिथं वायफाय देईन. एकदम खालच्यासारखं."

टीव्हीच्या केबलसाठी म्हणून स्लॅब टाकतानाच आत पाईप घालून ठेवले होते. पण पाईप सरळ वर जात नव्हता. मधल्या माळ्याच्या भिंतीतल्या बोर्डात निघून तिथून पुढे चढत होता.

"मधला माळा खोलाव लागन," बंटी म्हणाला.

तेवढ्यात पंचफुलाबाई चहा घेऊन आल्या.

"कायची वायर, रे?"

"शाळेची, आत्याबाई," रत्नमाला म्हणाली. "वर बसून शिकवते आता. तुम्हाले त्रास नको."

"मंग मधात बी एक डब्बा लाव, बंटी. धर्मेंद्र आल्यावर त्याले लागन. नाहीतर मले म्हनन, जीवनले दिलं, मले नाही दिलं."

बंटीनं कपात तोंड घातलं. बाबुलालांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली.

"लाव," ते म्हणाले. "मधात बी लाव."

रत्नमाला आणि धर्मेंद्र त्या माळ्यावर राहिले ते जेमतेम एक उन्हाळा. त्यानंतर सासूबाईंनी तिला खाली, आपल्या बाजूच्या खोलीत आणलं आणि दाराला कुलूप लागलं. आत काही बदललं नव्हतं. गादीवरचं प्लास्टिक तसंच, काचेच्या कपाटात लग्नात आलेली स्टीलची भांडी तशीच, भिंतीवर बुद्धाची तसबीर. धूळ नव्हती, बाबुलाल रोज झाडतात हे तिला माहीत होतं. फक्त बंद खोलीचा वास हवा होता, तो नव्हता. नदी उतरल्यावर काठावरच्या गाळाला येतो तसा वास होता. स्लॅबमध्ये पाणी मुरत असेल, तिनं ठरवलं. चैत्र होता आणि पाऊस पडून कितीतरी महिने झाले होते, हे तिला नंतर सुचलं.

४

खालून मधल्या माळ्यापर्यंत वायर सहज आली. मधल्यावरून वरच्यावर न्यायला दोन माणसं हवी होती, आणि बंटी एकटाच आला होता.

"तुमी वर उभ्या राहा, मॅडम," तो म्हणाला. "मी खालून तार सारतो. बोर्डातून टोक निघालं की आवाज द्या. मंग मी वायर बांधतो आनि ढकलतो, तुमी हळूहळू ओढा. झटका नका देऊ. मी खालून एकदा ओढलं, म्हंजे थांबा समजायचं."

जीवनचा माळा रिकामा होता. कोणी कधी राहिलेलंच नव्हतं. भिंतींना पांढरा चुना, ओट्यावर न वापरलेला नळ. रत्नमालानं भिंतीतल्या भोकातून डोकावलेलं टोक पकडलं, खाली आवाज दिला आणि ओढायला लागली.

वायर चांगली येत होती. ओढणाऱ्याला हाताखाली कळतं, पलीकडचा माणूस शहाणा आहे का नाही ते. पलीकडे शहाणा माणूस होता. तिनं ओढलं की तेवढीच वायर तो पुढे सारायचा, ती दम घ्यायला थांबली की थांबायचा. मध्येच वायरीला एक हलका हिसका बसला, ती थांबली. मग वायर सैल झाली. तिनं पुन्हा ओढली. वायर बोटांना ओली लागत होती. बोटांच्या पेरांवर बारीक, काळसर गाळ बसत होता.

"मॅडम, थांबा थांबा!"

बंटी जिन्यातून धापा टाकत वर आला. खांद्यावर वायरीचं नवं वेटोळं होतं.

"पहिली वायर कमी पडन असं दिसलं, म्हनून दुसरी आनाले गाडीकडं गेल्तो. आवाज देऊन गेलो न मी, आयकलं नाही का? ओढू नका, खाली कोनी नाही."

रत्नमालाच्या हातात वायर होती. ती तिनं ओढली नव्हती. तरी भोकातून वीतभर वायर आणखी वर आली, सावकाश, कोणी मागून सारावी तशी.

दोघांनीही ते पाहिलं. बंटी हसला.

"आत वेटोळं पडते, मॅडम. मंग सुटते ते."

"मामाजी असतील खाली."

"काकाजी फाटकापाशी आहेत. आत्ताच माझ्याशी बोलले."

तेवढ्यात वायरीला खालून एक हिसका बसला. एकच. थांबा समजायचं तो.

बंटी पुढे हसला नाही. दोघं बरोबरच जिना उतरले. मधल्या खोलीत बोर्डापाशी वायर लोंबत होती, फरशी कोरडी होती आणि कोणी नव्हतं. बंटीनं उरलेलं काम खर्रा न लपवता केलं.

५

डब्बे बसले, हिरवे दिवे लागले.

"तिघांले एकच नाव देतो," बंटी म्हणाला. "मंग जो डब्बा जवळ असन तो फोन आपोआप पकडते."

"एक नाव कायले?" बाबुलालांना हे पटेना. "मीटरवर काय लिहून आहे? ज्याचा माळा, त्याचं नाव."

"काकाजी, तसं कोनी नाही करत."

"मी करतो. नाव टाक."

म्हणून तळमजल्यावर बाबुलाल झालं, मधे धर्मेंद्र, वर जीवन. बंटीनं तिन्ही रत्नमालाच्या फोनात जोडून दाखवली आणि चहाला न थांबता निघून गेला.

रत्नमाला चौदा एप्रिलच्या सभेत भाषण करणारी बाई. नवऱ्याचं नाव न घेणं हा मागासपणा आहे, असं ती शाळेतल्या पोरींना ठणकावून सांगायची. पण या घरात तिनं त्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. आधी सासूसमोर जीभ वळली नाही, आणि मग घ्यायची वेळच उरली नाही. आता वरच्या माळ्यावर, जीवनच्या डब्ब्याच्या अगदी खाली खुर्ची टाकून ती बसली आणि फोन उघडला. वर लिहून आलं होतं: धर्मेंद्र. रेघा पूर्ण भरलेल्या.

तिनं ते काढून जीवनवर बोट ठेवलं. जीवन आलं. तिनं वही उघडली, पुन्हा पाहिलं तर धर्मेंद्र.

फोन अडेल असतात, एकदा पकडलेलं सोडत नाहीत, हे तिनंच पोरांना सांगितलेलं होतं. ती गच्चीवर गेली. डोक्यावर आग ओकणारं ऊन, पायाखाली दोन स्लॅब. जीवनची एक रेघ गळाली होती. धर्मेंद्र जसंच्या तसं भरलेलं, जणू डब्बा कुठे खाली नव्हता, तिच्या खांद्याशीच होता.

६

वर्ग मात्र सुरेख चालला. ना आवाज तुटला, ना चित्र अडकलं. पोरांना पहिल्यांदाच मॅडमचा सगळा तास ऐकावा लागला, त्याबद्दल पोरं नाराज होती.

"मॅडम," रक्षा नावाची पोरगी म्हणाली, "मागून आवाज येऊन राहिला. तुमी म्यूट करा."

"मी म्यूट केलं तर शिकवू कशी, गं? आणि इथं कोणी नाही. पंख्याचा असेल."

"पंखा बोलते का, मॅडम?" पोरं हसली. "सर बोलून राहिले न."

"कोणते सर?"

"आमाले काय माहीत! तुमच्या घरचे."

रत्नमालानं मागे पाहिलं. पांढरी भिंत, ओटा, नळ. दाराला आतून कडी. तिनं स्वतःच लावलेली.

"काय म्हणतात?" तिनं विचारलं. हा प्रश्न विचारायला नको होता.

रक्षानं थोडा वेळ कान दिला. पडद्यावर तिचा चेहरा कॅमेऱ्याजवळ येऊन मोठा झाला.

"हळू बोल म्हनतात. आई आयकन म्हनतात."

७

कुठलीही गोष्ट घडली की तिला कारण असतं, असं रत्नमाला मानत आली होती, आणि या घरात सगळेच मानत. कारण शोधायला ती मधल्या माळ्यावर उतरली. डब्ब्याची वीज चालू-बंद करावी लागते म्हणून आता तिथे कुलूप नसायचं. आत प्लास्टिकच्या खुर्चीवर बाबुलाल बसले होते, हात मांडीवर ठेवून, डेपोत गाडीची वाट बघत बसावं तसे.

"मामाजी, तुम्ही इथं बसून बोलता का? वर माझ्या वर्गात आवाज येतो."

"कोनाशी बोलू? भिंतीशी?"

"पोरं सांगत होती. माणसाचा आवाज होता म्हणाली."

"काय बोलला?"

तिनं सांगितलं नाही. पण ती सांगत नाही हे त्यांना दिसलं, आणि ते एकदम भडकले.

"नऊ वर्सं झाडतो मी ही खोली. नऊ वर्सं रोज येऊन बसतो. एक पाल बी माझ्याशी बोलली नाही. आनि तुवा चार दिवस वायर काय टाकली, तर तुले आवाज येते! आपल्यात भूत-बीत नाही, रत्नमाला. असतं तर आधी मले भेटलं असतं. बाप आहे मी त्याचा."

रत्नमालाला वाटलं होतं हा राग दाव्याचा आहे. राग नव्हताच तो. म्हातारा तिचा हेवा करत होता.

तिनं डब्ब्याचा पिन बोर्डातून काढला. हिरवा दिवा विझला. मग तिनं फोन त्यांच्यासमोर धरला. डब्बा मेला होता. फोनवर धर्मेंद्र होतं, पूर्ण भरलेलं.

"फोन जुनंच दाखवत असेल थोडा वेळ," ती म्हणाली. पण ते बघत असतानाच शाळेच्या गटात एक फोटो आला, मग गोपीचंद सरांचा निरोप आला: उद्यासाठी शुभेच्छा, घाबरू नका. जुनं दाखवणाऱ्या फोनात नवा निरोप येत नाही, हे त्या दोघांनाही कळत होतं.

बाबुलालांनी बोट पुढे केलं. त्या नावावर, काचेवर, हलकेच ठेवलं. पोर झोपलंय का बघताना बाप जसा हात लावतो तसं.

"राहू दे," ते म्हणाले. "तोडू नको."

"मला उद्या साक्ष द्यायची आहे, मामाजी."

"दे न. मी अडवलं का?" ते उठले. दाराशी जाऊन वळले. "पन तो बाजूले असन, तर त्याच्या तोंडावर सांग. मागून नको."

८

साक्ष दुपारची होती. खाली पंचफुलाबाई सुपात लाखोळीचे दाणे निवडत बसल्या होत्या आणि बाबुलालांनी टीव्ही इतका मोठा लावला होता, की वरच्या माळ्यावर बातम्या ऐकू येत होत्या. रत्नमालानं दाराला कडी लावली, खिडकी ओढून घेतली, शाळेचा लॅपटॉप उघडला. त्यानं न विचारता धर्मेंद्र पकडलं. वेळ झाली होती. तिनं तेच राहू दिलं. नेट तुटायला नको, एवढंच तिला हवं होतं, आणि हे नेट तुटत नव्हतं.

पडद्यावर तीन चौकोन उघडले: साहेब, कोर्टाचे कारकून आणि वकीलबाई.

"नाव सांगा," कारकून म्हणाले.

"रत्नमाला खोब्रागडे."

"पूर्ण सांगा. पतीच्या नावासकट."

तिनं श्वास घेतला. "रत्नमाला धर्मेंद्र खोब्रागडे."

या घरात तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा निघालं. खोलीत काही हललं नाही. फक्त गाळाचा वास आला, जवळून.

"खोलीत आणखी कोणी आहे?"

"नाही."

"लॅपटॉप फिरवून दाखवा. चारही बाजू."

तिनं लॅपटॉप उचलला आणि तोंड खोलीकडे करून सावकाश फिरवला. पडदा आता तिला दिसत नव्हता, त्याची पाठ दिसत होती. डोळ्यांनी ती खोलीच बघत होती: भिंत, खिडकी, ओटा, दार.

"थांबा," लॅपटॉपमधून कारकुनांचा आवाज आला. "जरा मागे घ्या. हं. बाई, तुम्ही कोणी नाही म्हणालात न?"

"नाही."

"मग दाराशी उभे आहेत ते कोण?"

दाराला कडी होती. दारासमोर पांढरी फरशी होती, उन्हाच्या तिरिपेत चकचकीत, कोरडी.

"रत्नमालाताई, सासरे आहेत का?" वकीलबाई घाईनं म्हणाल्या. "त्यांना बाहेर जायला सांगा. साक्षीला कोणी थांबत नसतं. आंघोळीतून उठून तसेच आलेत का ते? निथळताहेत अगदी."

"बाहेर जाणार नसतील, तर पुढची तारीख घ्यावी लागेल," साहेब म्हणाले. ते वर बघतही नव्हते.

पुढची तारीख. लॅपटॉप खाली टाकून पळता आलं असतं. कडी काढायला मात्र त्या दाराशीच जावं लागलं असतं. आणि पळून ती जाणार कुठे? पुन्हा खालच्या खोलीत, पुन्हा सासूबाईंच्या बाजूला, पुन्हा वाट बघायला.

ती दाराकडे बघून बोलली. नऊ वर्षांत पहिल्यांदा, आणि घरात नवऱ्याशी बोलायची त्याच रीतीनं.

"तुमी बाहेर जा."

काहीच झालं नाही.

"जा न," ती म्हणाली. "तुमी असले तर मले सांगता नाही येत. खाली जा."

दाराची कडी जागची हलली नाही. ती त्या कडीकडेच बघत होती.

"हं," कारकून म्हणाले. "गेले. घ्या बसून. सत्यप्रतिज्ञेवर सांगणार न तुम्ही?"

ती बसली. लॅपटॉप समोर ठेवला. तिच्या मागे, पडद्यावरच्या लहानशा चौकोनात, बंद दार होतं. कारकुनांच्या मागोमाग तिनं शब्द म्हटले: खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. म्हणता म्हणता ती जिना ऐकत होती. ओल्या तळव्यांचे चपचप आवाज खाली जात होते, घाई नसल्यासारखे. ते मधल्या माळ्यापाशी थांबतील असं तिला वाटलं. ते थांबले नाहीत.

खाली टीव्ही बंद झाला.

सूप फरशीवर पडल्याचा आवाज आला. दाणे लांबपर्यंत उधळले. बाबुलालांचा आवाज असा उमटला, की तो हुंदका होता का हाक, ते कळेना. आणि मग पंचफुलाबाई बोलल्या. दचकल्या नव्हत्या त्या, रडतही नव्हत्या. अंधार पडेतो बाहेर खेळत राहिलेल्या पोराला आई करते तशी तक्रार करत होत्या, ठणठणीत आवाजात, जिन्यातून सरळ वर येणाऱ्या.

"कोठी होतास रे, बाबू, इतके दिवस? किती वाट पाहाची मानसानं?"

"बाई," साहेबांनी आता वर पाहिलं. "या सगळ्या काळात तुमच्या पतीविषयी तुम्हाला, त्यांच्या आईवडिलांना, घरातल्या कोणालाही, काही कळलं आहे का? आलेत, बोललेत, कोणाला दिसलेत?"

खाली खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. सासूबाईंनी पुन्हा तोंड उघडलं होतं.

ही साक्ष सासूबाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून एवढी वायर ओढली होती. रत्नमालानं लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी ओढला, तोंड माइकला लावलं, आणि खालचा आवाज वर पोचायच्या आत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली,

"नाही, साहेब. कोणालाच काही कळलेलं नाही."